चिखलाचा जिताडा

दामूदादा कुठलीही वस्तू घेण्याआधी हुंगायचे. मासळी, भाजी, माझ्या शाळेची निमंत्रणपत्रिकासुद्धा. "डोल्याला फसवता येतं, नाकाला न्हाय," म्हणायचे. भिवंडीच्या खाडीत उभा जन्म जाळं टाकलेला हा आगरी म्हातारा माझा शेजारी. रंगाई कारखान्यांचं पाणी खाडीत उतरलं, मासळी संपली, तेव्हापासून त्यांचं जाळं कुडाला टांगलेलं होतं.

त्या वर्षी गावाने खाडीकिनारी शिल्पमेळा भरवला. अट एकच: चिखल, पेंढा, शिंपल्या, झावळ्या, इथल्या निसर्गातलंच वापरायचं. मी समितीत होतो. तरी आम्ही वाळू बाहेरून ट्रकने मागवली. आमच्या चिखलाला घाण मारते म्हणून! दादांनी त्या ढिगाकडे पाहून तोंड फिरवलं. "किनारा आपला आनि वालू पाहुनी?"

गुडघाभर काळ्या चिखलात उतरून दोन दिवसांत त्यांनी पाच हात लांब जिताडा मासा घडवला. खवले म्हणून कालवांच्या शिंपल्या लावल्या. त्यांच्या बायकोने हयातीत कालवं फोडून त्या परसात साठवल्या होत्या. मासा आता शेपटी आपटेल असा. लोक नाकाला पदर लावून पाहत उभे राहत.

पाहुणे म्हणून समितीने बोलावले ते एका रंगाई कारखान्याचे मालक! ते यायच्या आधी अध्यक्षांनी माझ्या हातात अत्तराची बाटली दिली. "मास्तर, माशावर शिंपडा. साहेबांना त्रास नको."

दादा जेवायला घरी गेले होते. मी शिंपडलं. अख्खी बाटली. अजून आठवलं की स्वतःची किळस येते.

दादा परतले, माशाजवळ वाकले. "कोनी केलं ह्ये?"

मी मान खाली घातली.

"मढ्याला लावतात अत्तर, मास्तर," ते शांतपणे म्हणाले. "ह्यो मेला त्ये खरंच हाय. पन मारनाऱ्याला वास यायला पायजे व्हता."

पाहुणे आले. "वा! किती नैसर्गिक!" म्हणाले. जिताड्याला पहिलं बक्षीस पुकारलं गेलं, तेव्हा दादा एकेक शिंपली उपटून टोपलीत टाकत होते. शाल घेऊन आलेल्या अध्यक्षांकडे त्यांनी मान वर करून पाहिलंही नाही. उरलेला चिखल पायाने खाडीत लोटला आणि टोपली डोक्यावर घेऊन निघून गेले.

पुढे चार वर्षं ते जगले. वाटेत भेटले की "बरं हाय ना, मास्तर?" विचारायचे, माझ्या घरचा चहा मात्र पुन्हा घेतला नाही. ते गेले तेव्हा मी खांदा द्यायला पुढे झालो. त्यांच्या लेकीने मला हाताने अडवलं.

"राहू द्या, मास्तर," ती म्हणाली. "बाबा तसं सांगून गेलेत."