सलग वर्ष

ओराफिन, सगळ्यांची फिन, आमच्या गावात आली ती मासळीच्या वड्या तळायच्या कारखान्यात कामाला. उत्तर थायलंडच्या डोंगरातली पोर. जपानी बोलायला ती कारखान्यातल्या म्हाताऱ्यांकडून शिकली, त्यामुळे अजूनही सत्तरीतल्या बाईसारखी बोलते. तिची सासू तोमिए म्हणते, "फोनवर हिचा आवाज आला की दचकायला होतं. वाटतं, माझी मोठी जाऊ वरून परत आली."

शिगेओ हा तोमिएचा एकुलता मुलगा. समुद्राकडे उतरणाऱ्या संत्र्यांच्या बागेच्या पायऱ्या, आई आणि मोडकी गाडी, एवढाच त्याचा संसार. पन्नाशी उलटली तरी लग्न नव्हतं. बाजारात न चालणारी संत्री तो कारखान्यातल्या बायकांना वाटायला आणायचा. एकदा फिनच्या पुढ्यात टोपली ठेवून म्हणाला, "वाकडी आहेत, पण गोड आहेत."

"तुमच्यासारखी का?" फिननं विचारलं.

त्या वेळी तिथे असलेल्या बायका ही गोष्ट अजून सांगतात आणि अजून हसतात.

लग्नाचं जेवण वसंतात झालं. अख्खा तांबोसा मासा भाजला होता, शेजारपाजार जेवून गेला आणि फिन त्या घरात राहायला आली. नगरकचेरीत नोंदणी मात्र राहिली. तोमिएचं दिवस बघितल्याशिवाय पान हलत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेखाली बारीक अक्षरात दिवस चांगला की वाईट ते छापलेलं असतं. फ्रीज घरात आणायचा तरी ती चष्मा लावून तिथे उभी राहते. थायलंडहून कागद यायला उशीर झाला, मग पितरांचे दिवस आले, मग संत्र्यांची तोडणी. "पोर घरात आलीच आहे की. कागदाला कसली घाई?" असं म्हणत तिनं नोव्हेंबर अखेरचा एक उत्तम दिवस काढला. त्या दिवशी नोंदणी झाली. फिनचा कामाचा व्हिसा तेव्हा चालू होता, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.

अडलं ते आत्ता, तीन वर्षांनी.

मागच्या हिवाळ्यात संत्र्यांची पेटी उतरवताना शिगेओ मधल्याच पायरीवर बसला आणि त्याला उठता येईना. हृदयाची एक नळी डॉक्टरांनी मोकळी केली. घरी आल्यापासून त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. फिन इथे राहते ती त्याची बायको म्हणून. तो गेला तर तिच्या राहण्याचा आधारच जाणार. कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळाला की मात्र तिला कुणी ऊठ म्हणू शकणार नाही. त्यासाठी लग्नाला तीन वर्षं हवीत आणि इथे सलग एक वर्ष राहणं हवं. वसंतात तीन वर्षं भरतात, असं घरातल्या सगळ्यांनी धरलं होतं.

फिनचंही एक मोजणं चालू होतं. गावाकडे तिची आई विसरत चालली होती. आधी कोंबड्यांची नावं गेली, मग शेजारणींची. दर रविवारी भाऊ आईसमोर फोन धरून विचारायचा, "ही कोण?" आई म्हणायची, "माझी फिन." पण ते उत्तर यायला दर रविवारी थोडा जास्त वेळ लागू लागला होता. वसंतात अर्ज टाकायचा, एकदा आईला भेटून यायचं, आणि निकाल लागला की महिनोन् महिने तिच्याजवळ राहायचं, असं फिननं ठरवलं होतं.

एप्रिलमध्ये दोघं शहरातल्या कचेरीत गेले. खिडकीतल्या बाईनं मान लववून सांगितलं, "तुमची तीन वर्षं नोंदणीपासून धरतात. डिसेंबरात या." आणि मधे चार-सहा महिने देशाबाहेर राहिलं तर, फिननं विचारलं. "तर सलग वर्ष पुन्हा पहिल्यापासून."

घरी आल्यावर हे ऐकून तोमिए हातातल्या शेंगा सोलायची थांबली. "म्हणजे माझ्यामुळे," ती म्हणाली.

"तसं नाही हो, आई," फिन म्हणाली. पण तसंच होतं, आणि ते तिघांनाही कळत होतं.

मे महिन्यात डोंगर फुलला. फांद्यांवरची जास्तीची फुलं खुडता खुडता नवराबायकोचं जुंपलं.

"डिसेंबरपर्यंत थांब," शिगेओ म्हणाला. "अर्ज टाकू, मग दोन-तीन आठवडे जाऊन ये."

"डिसेंबरात मी आईला कुणी पाहुणीच वाटेन."

"आणि तू तिकडे असताना मला काही झालं तर?"

"तर काय, अर्ज छातीशी धरून रडू?"

तो हसला नाही. "रड. पण इथे, आपल्या घरात बसून रडता आलं पाहिजे तुला. मला तेवढंच बघायचंय."

तेवढ्यात तोमिए भाताचे गोळे घेऊन वर आली. तिनं बरंच ऐकलं असावं.

"उद्या मरणार असल्यासारखा काय बोलतोस रे? सिगरेट ओढताना नव्हती ती घाई?" मुलाला झापून ती धापा टाकत खाली बसली. मग फिनकडे वळली. "बोगद्यापलीकडे माझं माहेर. आई गेली तेव्हा तोडणी चालली होती. सासरे म्हणाले, उरकून जा. उरकून गेले. कुठल्या पायरीवरची संत्री तोडत होते, ते आता आठवतसुद्धा नाही. तू जा, पोरी."

शिगेओ दोन दिवस एकटाच फुलं खुडत राहिला. तिसऱ्या दिवशी विमानाचं तिकीट काढून आला. परतीची तारीख त्यानं मोकळी ठेवली होती.

फिन पोचली त्या दिवशी आईनं तिला ओळखलं नाही. मुलानं कामाला बाई ठेवली, असं तिला वाटलं.

"गुणाची आहेस," केसांना तेल लावून घेताना ती म्हणाली. "तुझी आई कुठे असते?"

"इथेच असते."

"मग बरं आहे."

पावसाळाभर असंच चाललं. फिन भरवायची, पुसायची, रात्री तिच्याच चटईवर झोपायची. एका सकाळी आई तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "फिन, समुद्र खरंच खारट असतो का गं?" फिननं हो म्हटलं. त्यानंतर ते नाव तिच्या तोंडी पुन्हा आलं नाही. सप्टेंबरात आई गेली.

फिन परत आली तेव्हा लवकरची संत्री पिवळी व्हायला लागली होती. तिचं वर्ष आता पहिल्यापासून सुरू झालं आहे. डिसेंबरात अर्ज नाही. पुढची तोडणी सुरू होईपर्यंत सलग राहायचं, मग अर्ज, मग निकालाची वाट. तोवर शिगेओनं धडधाकट राहायला हवं. सिगरेट सुटली आहे. रोज चालायला डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून सकाळी दोघं सगळ्यात वरच्या पायरीपर्यंत चढून जातात. फिन पुढे असते. मागून येणारा श्वास जड झाला की ती वाकून बुटाची नाडी बांधायला लागते.

"रोज कशी सुटते गं तुझी नाडी?" परवा त्यानं विचारलं.

"जुनी झालीय."

"नवी घे मग."

"घेईन की. पुढच्या वर्षी."

तो कमरेवर हात ठेवून समुद्राकडे बघत उभा राहिला. श्वास बसल्यावर म्हणाला, "चल."