मानांकन आणि माझ्या लेकीचं बाळंतपण

अक्कलकोटच्या अलीकडं, कर्नाटकाची एसटी वळते त्या फाट्याजवळ आमचं आरोग्य केंद्र आहे. तिथली मुख्य सिस्टर मी. बाळंतपणाच्या खोलीत माझाच शब्द चालतो, हे डॉक्टरांनाही ठाऊक आहे.

मानांकन म्हणजे काय, तर बाहेरची माणसं येऊन बघतात. हात धुवायला पाणी आहे का, ऑक्सिजन भरलेला आहे का, बाळ रडलं नाही तर काय करायचं ते सगळ्यांना येतं का, आणि आपल्या आवाक्याबाहेरचं बाळंतपण असलेली बाई वेळेवर सोलापूरला धाडता का. आम्ही वर्षभर तयारी केली. तपासणी जवळ आली तेव्हा आमच्या सफाईच्या मावशींनी बाळंतिणींचा संडास घासून लख्ख केला आणि त्याला चक्क कुलूप घातलं.

"सायेब बगून जाऊ द्या, मग उगडू की. बायका घाण करतेत."

मी किल्ली काढून घेतली. म्हटलं, "मावशी, हा वापरायला आहे, दर्शनाला नाही." त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, पण कुलूप पुन्हा लागलं नाही.

प्रमाणपत्र दाराच्या वर, भिंतीवर लागलं. मग काही महिन्यांनी पुण्याहून एक मॅडम आल्या. या मानांकनाचा समाजाला किती उपयोग झाला, ते त्यांना मोजायचं होतं. व्हरांड्यात बायका जमवल्या. "प्रमाणपत्र मिळाल्यानं तुमचा विश्वास वाढला का?" मॅडमनी विचारलं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कसलं प्रमाणपत्र? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर्षभर मर मर मेलो, आणि यांना पत्ताच नाही!

त्यांच्यात मेंढ्या राखणाऱ्या घरातली एक म्हातारी होती. तिच्या घरची बाळंतपणं वस्तीवरच होत. सून गरोदर होती, आणि मी कितीही सांगितलं तरी ती तिला आमच्याकडं आणायला तयार नव्हती. मॅडमना सोडून ती सरळ माझ्याकडं वळली.

"शिस्टर, तुमची लेक म्हायेरी आलीय न्हवं बाळंतपणाला? तिचं कुटं करणार?"

पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणजे ठरवायचं मी. पण सोलापूरच्या विहीणबाईंनी तिथलं मोठं हॉस्पिटल आधीच बघून ठेवलं होतं, आणि मी अजून हो म्हटलं नव्हतं की नाही म्हटलं नव्हतं.

"इथंच," मी म्हणाले.

"बगू की," म्हातारी म्हणाली.

घरी लेक भडकली. "आई, भिंतीवरच्या कागदासाठी मला पणाला लावतेस?" हे मात्र मला लागलं. मी तिला केंद्रात नेलं आणि काय कुठं आहे, कशासाठी आहे, सगळं दाखवलं. डॉक्टरांनी तपासलं, कसलीच अडचण नव्हती.

"आणि ऐनवेळी काही बिघडलं तर?"

"तर मी हट्ट धरणार नाही. गाडी दारात आहे, सोलापूरला निघायचं. आपल्याला काय जमत नाही, हेच तर आम्ही या वर्षात शिकलो."

ती बाळंतपणाच्या टेबलाच्या कडेला बसली, गादी हातानं दाबून बघितली आणि म्हणाली, "सासूबाईंना तू सांग." मी सांगितलं. "नवी पेठेत आमचं दुकान आहे, लोक काय म्हणतील?" म्हणून विहीणबाईंनी फोनच ठेवून दिला.

भीती वाटली का? वाटली की. कळा सुरू झाल्या त्या दुपारी मी हातमोजे घातले आणि परत काढून ठेवले. मग मी मुकाट्यानं लेकीच्या उशाशी उभी राहिले आणि माझ्या हाताखालच्या सिस्टरनं सगळं केलं, मी शिकवलं होतं तसंच. नात झाली, जन्मताच रडली, आणि तिच्यापेक्षा जास्त मी रडले. संध्याकाळी विहीणबाई आल्या. खिडकीच्या कडेवरून बोट फिरवून त्यांनी धूळ शोधली. संडासात जाऊन आल्या आणि म्हणाल्या, "स्वच्छ आहे हो." दुसऱ्या दिवशी आमच्या मावशी दिवसभर तेच सगळ्यांना सांगत होत्या.

पुण्याच्या मॅडमनी शेवटी काय मोजलं, मला माहीत नाही. पण पुढच्याच महिन्यात ती म्हातारी रिक्षातून उतरली. सोबत कळा देणारी सून. प्रमाणपत्राच्या खालून आत आली, मान वर करून बघितलंही नाही.

"तुमची लेक कुटल्या टेबलावर बाळंत झाली?"

मी दाखवलं.

"मग हिलाबी तितंच घ्या. दुसऱ्यावर न्हाय चालायचं."

"बरं," म्हणून मी सुनेचा हात धरला. आमच्याकडं टेबल एकच आहे, हे काही मी तिला सांगितलं नाही.