शनीची कडी आणि कंपनीचा ओलावा

“सर, आपने टेलिस्कोप ऑफ करके ऑन किया?”

माझ्या ऑफिसात टेबलावर ठेवलेल्या फोनच्या स्पीकरमधून एका मुलीचा आवाज आला. समोर बसलेल्या शिवलिंगअप्पांनी माझ्याकडे बघितलं. ऐका आता तुम्हीच, असा चेहरा.

“केलो बाई,” ते फोनला म्हणाले. “मागच्या खेपेला बी केलो, त्याच्या आधी बी केलो. आता पुढचं बोला.”

“सर, मैं आपका टिकट रेज कर देती हूँ.”

“मला कुठं गावाला जायाचं न्हाई. तिकीट कशाला?”

पलीकडून फोन कट झाला.

हे ‘टिकट’ म्हणजे तुमच्या तक्रारीला दिलेला नंबर. तक्रार सुटो की न सुटो, ठरलेल्या मुदतीनंतर हे टिकट आपोआप ‘क्लोज’ होतं आणि कंपनीच्या दप्तरी तुम्ही समाधानी ग्राहक म्हणून जमा होता. अप्पा असे बऱ्याचदा समाधानी झाले होते.

मी लातूरला वकिली करते. ग्राहक आयोगातल्या केसेस जास्त. फ्रिज, विमा, न उगवलेलं बियाणं, गळका फ्लॅट हा माझा रोजचा माल. टेलिस्कोप कधी आला नव्हता.

शिवलिंगअप्पा उदगीरचे. तिथल्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांचं आडत दुकान, ते आता मुलं बघतात. उजवा डोळा काचबिंदूनं गेलेला. डावा कडेकडेनं आकसत चाललेला. थेंबांनी वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. त्यावर अप्पांनी काय केलं, तर टेलिस्कोप घेतला. तोही साधा नाही. खाली मोटर असलेला. हातातल्या रिमोटवर ग्रहाचं नाव निवडायचं, की नळी आपोआप वळून त्या ग्रहावर थांबते. एका डोळ्यानं अंधारात तारे हुडकणं त्यांना जमणार नव्हतं, म्हणून हा महागडा. घरच्यांनी वेड्यात काढलं. तेवढ्यात दोन म्हशी आल्या असत्या, असं त्यांच्या बायकोचं म्हणणं.

“पण शनीच कामून?” मी विचारलं.

“वकीलबाई, जलमभर त्याला भेलो. दर शनिवारी तेल घातलो. साडेसाती लागली म्हणून एक सोयरीक मोडलो. ज्याला एवढं भेलो त्याचं तोंड तर बघू द्या एकदा. त्याला कडी हायेत म्हणतात.”

खरेदी नांदेडच्या एका मोठ्या कॅमेरा शोरूममधून झाली. त्या दिवशी अप्पांना हार घातला, चहा पाजला, खोक्यासोबत फोटो काढून फेसबुकवर टाकला. पहिल्या संध्याकाळी चंद्र दिसला. दुसऱ्या संध्याकाळी रिमोटवर शनी निवडला, तर नळी वळायला लागली ती थांबेचना. शनी सोडून गेली, शेजाऱ्यांची पाण्याची टाकी सोडून गेली आणि गच्चीच्या कठड्याला जाऊन धडकली. बटण बंद केलं तेव्हा थांबली. परत चालू केली, परत तेच.

अप्पा खोकं घेऊन नांदेडला गेले. हार घालणारा मालक तोच होता, पण आता त्याला मान वर करायला वेळ नव्हता. “चाचा, हमारा काम बेचने का. रिपेरी का कंपनी देखेगी,” तो म्हणाला आणि टोल-फ्री नंबरचं कार्ड पुढे सरकवलं.

कंपनीनं आधी व्हिडिओ मागितला. मग दुसऱ्या बाजूनं व्हिडिओ मागितला. मग मूळ पॅकिंगमध्ये पुण्याच्या सर्व्हिस सेंटरला पाठवा म्हणाले. अख्ख्या राज्यात ते एकच. तिथे यंत्र कित्येक महिने पडलं. परत आलं ते दुरुस्त न होताच, सोबत एका ओळीचा अहवाल: आतल्या भागात ओलावा शिरून गंज, ग्राहकाचा निष्काळजीपणा, सबब वॉरंटी लागू नाही.

तो अहवाल घेऊनच अप्पा माझ्याकडे आले होते.

“लवकर करा बाई,” ते म्हणाले. “डोळा थांबत न्हाई. अन् तिकडं ती कडी बी मिटून राहिली.”

मला वाटलं, बोलण्याच्या भरात म्हणाले. तर त्यांनी माझ्या टेबलावरची बशी उचलून मला समजावलं. शनीची कडी या बशीसारखी चपटी. कधी आपल्याकडे कलती असतात, तेव्हा गोल छान दिसतात. दर वर्षी ती थोडी सरळ होत जातात आणि मग एक वेळ अशी येते, की बशीची नुसती कड दिसते, रेघेसारखी. पुन्हा कलायला काही वर्षं जातात.

“ती उघडतील हो परत,” अप्पा बशी खाली ठेवत म्हणाले. “माझा डोळा उघडंल का?”

मी त्याच आठवड्यात केस दाखल केली.

कंपनीचं पहिलं उत्तर आलं, की वाद फक्त मुंबईच्या कोर्टात चालेल, तसं वॉरंटी कार्डावर छापलंय. नवीन कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करू शकतो. कंपनीच्या वकिलाला हे माहीत नसेल असं नाही. पण कार्डावर छापलेलं बघून दहातले नऊ जण घरी बसतात, हेही त्यांना माहीत असतं.

मग तारखा. कंपनीकडून सूचना आल्या नाहीत, कागद पोचले नाहीत, वकीलसाहेब आजारी. माल विकायला यांची माणसं तालुक्यापर्यंत पोचतात. जबाब द्यायची वेळ आली की लातूर यांच्यासाठी चंद्रापलीकडे असतं.

लेखी जबाबातलं एक वाक्य मात्र मी विसरणार नाही. ‘सदर वस्तू जीवनावश्यक नसून छंदाची आहे, त्यामुळे तक्रारदाराचे कोणतेही नुकसान झालेले नाही.’ याच कंपनीच्या जाहिरातीत हीच वस्तू ‘आयुष्य बदलून टाकणारा अनुभव’ होती. पैसे घेताना आयुष्य आणि दुरुस्तीला छंद.

आयोगात सहसा उलटतपासणी होत नाही, शपथपत्रांवर काम चालतं. पण मी अर्ज दिला की यंत्र समोर उघडावं आणि ओलाव्याचा अहवाल देणारा इंजिनीअर हजर असावा. कंपनीनं कडाडून विरोध केला. आयोगानं अर्ज मंजूर केला.

तो दिवस एप्रिलचा. बाहेर डांबर वितळत होतं. टेबलावर टेलिस्कोप, मागच्या बाकावर अप्पा, समोर पुण्याहून आलेला इस्त्रीच्या शर्टातला इंजिनीअर.

कंपनीच्या वकिलांनी सुरुवात केली. “ग्राहकानं यंत्र दमट जागेत ठेवल्यामुळे...”

“दमट?” आयोगाच्या अध्यक्षांनी चष्म्यावरून बघितलं. “वकीलसाहेब, या शहराला एका उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं.”

मागे हशा पिकला. मी इंजिनीअरकडे वळले.

“मोटर आणि तिचं सर्किट कुठे असतं?”

“खालच्या डब्यात, मॅडम.”

“तो डबा उघडल्याशिवाय आतला गंज दिसतो का?”

“नाही.”

“तुम्ही गंज बघितला?”

“हो. अहवालात आहे.”

“म्हणजे डबा उघडला होता.”

“प्रोसिजरप्रमाणे उघडतोच.”

“उघडताना या जोडावरच्या स्टिकरचं काय होतं?” डब्याच्या दोन भागांच्या फटीवर कंपनीचं चंदेरी स्टिकर होतं. काढल्यास वॉरंटी रद्द, असं त्यावर लिहिलेलं.

“फाटतं. मग आम्ही सर्व्हिस सेंटरचं निळं स्टिकर लावतो.”

मी डबा उचलून त्याच्यासमोर धरला. “हे कोणत्या रंगाचं आहे?”

त्यानं वाकून बघितलं. त्याच्या वकिलांनीही मान पुढे काढून बघितलं आणि मग फायलीत काहीतरी शोधायला लागले.

“चंदेरी,” तो म्हणाला.

“फाटलंय?”

“नाही.”

“मग गंज तुम्ही कुठून बघितला?” हा प्रश्न माझा नव्हता, अध्यक्षांचा होता.

अध्यक्षांनी तिथेच डबा उघडायला लावला. आत गंज नव्हता, ओल नव्हती. एक बारीक वायर तिच्या जागेवरून सुटलेली होती. इंजिनीअरनं ती चिमट्यानं बसवली. प्लग लावला. नळी वळली आणि हवी तिथे थांबली. या कामाला लागलेल्या वेळात माझा चहाही निवला नसता.

मागे अप्पा उठून उभे राहिले होते. ते खूष होतील असं मला वाटलं होतं. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

“एवढंच व्हतं?” ते इंजिनीअरला म्हणाले. “ह्याच्यासाठी माझं आख्खं आभाळ गेलं?”

शिपायानं त्यांना खाली बसवलं. अध्यक्ष त्यांना रागावले नाहीत.

निकाल आमच्या बाजूनं लागला. यंत्र कंपनीनं परत घ्यायचं, पूर्ण रक्कम व्याजासह द्यायची, वर मानसिक त्रासाची भरपाई, केसचा खर्च. शोरूमलाही जबाबदार धरलं. कंपनी अपिलात जाऊ म्हणाली. गेली नाही. पैसेही दिले नाहीत. वसुलीचा अर्ज टाकून वॉरंटची भाषा केली, तेव्हा कुठे रक्कम जमा झाली. जे यंत्र एका चिमट्यानं नीट झालं असतं, त्यासाठी यांनी पुण्याहून माणूस आणि मुंबईहून वकील आणला. हा हिशेब माझ्या आजतागायत ध्यानात आलेला नाही.

अप्पांनी त्या पैशातून दुसरा टेलिस्कोप घेतला. हातानं फिरवायचा, मोटर नाही. सुनेनं शनीवर नेम धरून दिला. मला त्यांनी आग्रहानं उदगीरला बोलावलं. दिवेलागणीनंतर आम्ही गच्चीवर गेलो. अप्पा डावा डोळा लावून बराच वेळ वाकून होते.

“दिसला का अप्पा?”

“हाव. सुपारीत सुई खुपसल्यावानी हाय.”

मग मी बघितलं. पिवळसर टिकली आणि तिच्यातून आरपार एक बारीक रेघ. बशीची कड. टेलिस्कोप विकत घेतला त्या साली ती चांगली रुंद कललेली होती, असं सुनेनं मोबाइलवर फोटो दाखवून सांगितलं. अप्पांनी तो फोटो बघितला नाही. “तोंड बघितलो, झालं,” म्हणाले आणि जिन्याच्या भिंतीला हात लावून, एकेक पायरी चाचपत खाली उतरले.

ग्राहक आयोग पैसे परत करायला लावू शकतो, व्याज लावू शकतो, त्रासाची किंमतही ठरवू शकतो. शनी मागे वळवून देण्याची तरतूद कायद्यात नाही. म्हणून आता कुणी हौसेची महागडी वस्तू घ्यायला निघालं आणि मला विचारलं, तर मी एकच सांगते. यंत्र काय काय करतं ते सेल्समनला विचारू नका, ते तो न विचारता सांगेल. बिघडल्यावर दुरुस्त कोण करतं, त्या माणसाचं नाव आणि गाव विचारा. तो टोल-फ्री नंबर सांगायला लागला, तर चहा प्या आणि घरी या.