सुनीताच्या बदल्यात आलेली ॲना

पापड लाटायला चार बायका जमल्या की कुणीतरी हमखास म्हणणारच, "अक्का, त्या गोरीचं सांगा ना!" आता काय सांगू? ॲना आमच्या घरी राहिली जेमतेम साडेपाच महिने. पण दरवेळी एखादा नवा किस्सा आठवतोच. पापड संपतात, ॲना संपत नाही.

गोष्ट नव्वदच्या आसपासची. जळगावातल्या एका क्लबाची योजना होती. आपली पोर वर्षभर परदेशात शिकायला जायची आणि तिथली पोर आपल्याकडे यायची. आमची एकुलती एक सुनीता डेन्मार्कला ॲनाच्या घरी गेली आणि ॲना आमच्याकडे आली. दोघी सतरा वर्षांच्या. योजना यांनी शोधलेली, हौस सुनीताची. मला विचारतंय कोण! सुनीताच्या पलंगावर मी ॲनासाठी नवी चादर घातली आणि तिथेच बसून रडून घेतलं.

क्लबाचा एक नियम मात्र मी कान देऊन ऐकला होता. अदलाबदल म्हणजे अदलाबदल. एक पोर मध्येच परत गेली, तर दुसरीलाही परत बोलावणार!

*

आमच्या गल्लीत पाहुण्याला एकटं बसू देत नाहीत. ॲना एका दुपारी दार लावून पत्र लिहायला बसली. पाच मिनिटांत शेजारच्या लीलाबाई हजर.

"पोरीला बरं नाही का?"

"पत्र लिहितेय."

"मग दार कशाला लावलं?"

तासाभरात सात बाया येऊन गेल्या. एकीने काढा आणला, एकीने मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्यांच्या ठसक्याने पोर खोकत खोकत गच्चीवर पळाली. तिथे समोरच्या घरातल्या आजी वाळवण राखत बसलेल्या! त्यांनी सतरंजीवर सरकून जागा केली. "ये माय, एकटी कुठं बसतीस?"

संध्याकाळी ॲना मला म्हणाली, "काकू, इथे सगळे असतात. तरी मला एकटं वाटतं."

माझं इंग्रजी शाळेपुरतंच. म्हटलं, "मी टू."

*

भरिताच्या दिवसांत आम्ही तिला शेतावर नेलं. काड्यांवर भाजलेली वांगी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर कच्चं तेल. ॲनाच्या घरची शिस्त अशी, की ताटात पडलेलं टाकायचं नाही. आमच्या घरची शिस्त अशी, की पाहुण्याचं ताट रिकामं दिसू द्यायचं नाही. ती संपवत गेली, मी वाढत गेले. चौथ्या भाकरीला तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी आपली खूश, भरीत चांगलं झणझणीत झालंय! शेवटी हे ओरडले, "अगं, पोर मरेल!"

घरी आलो तर सुनीताचं पत्र येऊन पडलेलं. "आई, इथे पहिल्यांदा 'नको' म्हटलं की खरंच वाडगा उचलून नेतात गं! मी तीन दिवस अर्धपोटी उठले."

इथे एकीला ओवा देत होते आणि तिथली उपाशी. ओव्याची डबी हातात धरून मी हमसाहमशी रडले. ॲनाला वाटलं, तिच्याच पोटासाठी रडतेय. ती बिचारी मलाच समजावत बसली.

*

दिवाळीत ॲनाने दोन दिवस उशीतून डोकं वर काढलं नाही. "मला घरी जायचंय," एवढंच म्हणायची. आणि तिसऱ्या दिवशी क्लबाचे सेक्रेटरी फॉर्म घेऊन दारात!

"काय वहिनी, ॲना मजेत आहे ना? नसेल तर स्पष्ट सांगा. दोघींना परत फिरवू."

खरं सांगते, माझ्या मनात लाडू फुटले. नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. आठ-दहा दिवसांत सुनीता माझ्या ओट्यावर! पण आदल्याच दिवशी तिचं पत्र आलं होतं. तिला तिथे मैत्रिणी मिळाल्या होत्या, सायकलवरून शाळेत जात होती, अक्षरसुद्धा हसरं दिसत होतं. जिभेपर्यंत आलेला शब्द मी गिळला.

"मजेत आहे," म्हटलं.

सेक्रेटरी ॲनाकडे वळले. तिचे डोळे सुजून लाल. मी मनात म्हटलं, बाई, तू तरी खरं बोल! तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "व्हेरी हॅपी."

त्यांनी फॉर्म भरला, शेवभाजी खाल्ली आणि गेले. दार लावून मी तिला विचारलं, "खोटं का बोललीस गं?"

"तुम्ही का बोललात?"

*

एकदा ॲना कॉलेजात असताना तिच्या आईचा फोन आला. यांच्या नोकरीमुळे घरात फोन होता, पण परदेशी फोन मी कधी उचलला नव्हता. तिकडून बाई म्हणाली, "ॲना?"

मी म्हटलं, "ॲना गुड."

ती म्हणाली, "सुनीता गुड."

संपलं दोघींचं इंग्रजी! मग तिकडून हुंदका आला. मग इकडून. फोन कट होईपर्यंत दोघी नुसत्या रडत होतो.

यांनी विचारलं, "काय बोलली?"

म्हटलं, "बठ्ठं बोलली. सगळंच."

*

संक्रांत झाली आणि ॲनाला धुळ्याच्या कुटुंबात पाठवायची वेळ आली. राहायची घरं बदलायची, हाही नियमच. ती गेली आणि घर खायला उठलं. सुनीता तर नव्हतीच, आता ॲनाही नाही. हे ऑफिसात गेले की दिवसभर मी आणि घड्याळ.

तशातच आखाजी आली. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमच्या खान्देशात लेकींचा सण. सासरची लेक माहेरी येते, पण आपली आपण येत नाही. माहेरचं माणूस तिला आणायला जातं, त्याला मुराळी म्हणतात. गल्लीतले मुराळी चार दिवस आधीच निघाले. घरोघरी लेकी आल्या, झाडांना झोके लागले. मी यांना बजावलं, "यंदा पुरण नाही की सांजोऱ्या नाहीत. कुणासाठी करायचं?" आणि बाहेरची गाणी कानावर येऊ नयेत म्हणून सणाच्या दिवशी भरदुपारी दार-खिडक्या लावून बसले.

कुणीतरी दार बडवायला लागलं. उघडते तर ॲना! धुळ्याहून एस.टी.त उभ्याने आलेली, तोंड धुळीने माखलेलं, दोन्ही हातांवर मेंदी, पायाशी बॅग.

"अगं, तू? एकटीच आलीस?"

ती आत येईना. हसेनाही. धुळ्याच्या घरच्या आजी फक्त अहिराणी बोलायच्या, त्यांनी तिला आखाजीचं सगळं सांगितलं होतं.

"दोन दिवस बॅग भरून ओट्यावर वाट बघत बसले होते," ती म्हणाली. मग एकदम त्या आजींच्या बोलीत, पार गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली,

"मन्हा मुराळी काबर उना नही?"