नंदाबाईंची सुनावणी

माझ्या अपिलाची तारीख होती, म्हणून मी उच्च न्यायालयात मागच्या बाकावर बसलो होतो. माझ्याआधी नंदाबाईंच्या याचिकेचा पुकारा झाला. नंदाबाई अंध. प्राथमिक शाळेत त्यांची नेमणूक झाली आणि महिन्याभरात शिक्षण विभागाने ती रद्द केली.

"दिसतच नाही, तर वर्ग सांभाळणार कसा?" सरकारी वकील म्हणाले.

न्यायमूर्तींनी कागद बाजूला ठेवले आणि मराठीत विचारलं, "बाई, तुम्हीच सांगा. कसा सांभाळत होता?"

नंदाबाई उठल्या. "कानांनी, साहेब. बोलणारं पोर कळतं, आणि एरवी बोलणारं आज गप्प का, तेही कळतं."

सरकारी शिक्क्यापुढे माणूस अगदी एकटा असतो, असं मला नेहमी वाटायचं. इथे मात्र शिक्का मारणाऱ्यांनाच एका शिक्षिकेपुढे उभं राहून उत्तर द्यावं लागत होतं. एवढी मोठी इमारत कशासाठी बांधली असेल, ते मला तेव्हा उमगलं.

न्यायमूर्तींनी विभागाचा आदेश रद्द केला. इंग्रजीत निकाल सांगून झाल्यावर त्याचा अर्थ त्यांनी स्वतः, सावकाश, मराठीत सांगितला.

नंदाबाईंनी आपल्या वकिलांना हळूच विचारलं, "म्हणजे सोमवारी शाळेत जाऊ?"

"सोमवार कशाला?" न्यायमूर्ती वरून म्हणाले. "उद्या शाळा आहे ना?"