सव्वा फेरा

जनार्दन गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोईसरच्या घरी दाढी करत होतो. फोनवर त्याची बायको, सुनंदावहिनी. "भाऊजी, हे गेले..." अर्धी दाढी तशीच पुसून मी जवळचं, समुद्रकाठचं नवापूर गाठलं. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. त्या दिवशी गावातली एकही बोट समुद्रात गेली नव्हती म्हणे. लिहायला लाज वाटते, पण डोळ्यांत पाणी यायच्या आधी माझ्या मनात आलं, माझ्या वेळी एवढी माणसं येतील का? आता महिना उलटून गेलाय. जनार्दनवर मी आयुष्यभर जळलो. त्याच्यावर लिहायचं आणि हे लपवायचं, तर मग लिहायलाच नको.

आम्ही दोघं नौदलात, इंजिनाच्या कामावर, एकाच वर्षी लागलो. तो नवापूरच्या मच्छीमाराचा मुलगा, मी सांगलीकडचा. पुढे मला चालतं जहाज मिळालं आणि त्याला राखीव ताफा. राखीव ताफा म्हणजे रोजच्या कामातून काढलेली, पण भंगारात न घातलेली जहाजं. ती धक्क्याला बांधून ठेवायची, आत दमट हवा शिरू द्यायची नाही, यंत्रांना ग्रीस लावायचं, एकेक पाना त्याच्या खिळ्यावर टांगलेला हवा... आणि युद्धाची वेळ आली तर ठरलेल्या दिवसांत जहाज निघालं पाहिजे. आम्ही त्याला वृद्धाश्रम म्हणायचो. "काय जना, आजोबांनी औषध घेतलं का?" असं मी सगळ्यांसमोर विचारायचो. तो शांतपणे म्हणायचा, "घेतलं रे. तुझा तरणा पोरगा परत दुरुस्तीला आला ना?" सगळे हसायचे, आणि माझं जेवण कडू व्हायचं. परदेशातली बंदरं मी बघितली, पण तपासणीला येणारे मोठे साहेब पाठ थोपटायचे ती त्याची.

त्याला मुलगी झाली तेव्हा तो आठवडाभर रजेवर गेला. माझं जहाज दुरुस्तीत होतं, म्हणून त्याच्या एका जहाजाचं काम माझ्याकडे आलं. जहाजाला पुढे ढकलणारा पाण्यातला पंखा ज्या लांब दांड्यावर फिरतो तो शाफ्ट, बांधलेल्या जहाजात आठवड्यातून एकदा हातांनी फिरवावा लागतो. नाहीतर एवढं वजनी लोखंड एकाच कुशीवर पडून वाकतं. जनार्दनचा नियम सव्वा फेऱ्याचा. पूर्ण एक फेरा, वर पाव, म्हणजे शाफ्ट दर वेळी नव्या कुशीवर थांबणार. चौघांनी लिव्हर ओढायचं, घामटं निघायचं. मी पूर्ण एक फेरा झाल्यावर माणसांना सोडलं आणि वहीत लिहिलं, फिरवला. शाफ्ट होता त्याच कुशीवर आला. घाई होती असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्याच्या जहाजात एकदा तरी खोट निघावी असं मला वाटत होतं.

तो परत आला, खाली उतरून जाण्याआधी शाफ्टवर केलेली खडूची खूण कुठे थांबलीय ते बघितलं. "जड लागला काय रे?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "नाही." तो पुढच्या कामाला लागला.

पुढे एका वर्षी सीमेवर तणाव वाढला आणि नेमकं तेच जहाज तयार करायचा हुकूम आला. मुदतीच्या दोन दिवस आधीच ते निघालं. मी धक्क्यावर उभा, कान शाफ्टच्या आवाजाकडे. शाफ्ट गुमान फिरला. सुटलो म्हणून बरं वाटलं, आणि लगेच जळलोही. जहाजावर दुसरेच खलाशी होते, जनार्दन धक्क्यावरच राहिला. निदान आता तरी याचा चेहरा उतरेल, म्हणून मी टक लावून बघत होतो. तो म्हणाला, "चल, मागच्या जहाजाचा शाफ्ट फिरवायचा आज वार हाय." आणि गेला सुद्धा.

निवृत्तीनंतर मी बोईसरच्या कारखान्यात मेंटेनन्सला लागलो, तो नवापूरला घरी आला. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की ओढून ठेवलेल्या बोटींची इंजिनं तो दर आठवड्याला हातांनी फिरवायचा. पापलेटं त्याच्या दारात येऊन पडायची, मी बाजारात घासाघीस करायचो. माझ्या घरी तो शंभरदा जेवला असेल. त्या फेऱ्याचं त्याला कळलं होतं का, हे विचारायला माझी जीभ कधी रेटली नाही.

पंधरा दिवसांपूर्वी नवापूरचा बोटवाला हरेश घरी आला. "काका, पावसाच्या बोटी वर ओढल्यात. आमची इंजिनं फिरवायला तुमी येनार ना?"

"मी? तुला कोणी सांगितलं?"

"जनाकाका बोललेले, मी नसलो तर बोईसरच्या माझ्या दोस्ताला बोलवा. मी बोललो, ते कारखान्यातले, त्यांना जमल काय? तर बोलले, त्याने एकदा फेरा चुकवलाय, आता परत चुकायचा नाय."

मी पाणी प्यायला म्हणून आत गेलो. सगळं माहीत असून हा माणूस माझ्या ताटाला ताट लावून जेवला. उभ्या आयुष्यात एकदाच बोलला, तेही माझं नाव सुचवायला. त्याच्या जागी मी असतो तर गावभर केलं असतं. रडू आलं, आणि त्या रडण्यातही त्याचा हेवा होताच.

आता दर रविवारी मी नवापूरला जातो. गेल्या खेपेला हरेश वैतागला. "काका, फिरवून झाल्यावर ती खडूची खूण तुमी दोन-दोनदा काय बघता? जनाकाका एकदाच बघायचे."

मी वाकून तिसऱ्यांदा बघितलं.