मुलीची इतिहासाची मिस

पुण्यात मी अकरा वर्षं नववीला इतिहास शिकवला. 'मध्ययुगाकडून आधुनिक युगाकडे' हा भाग म्हणजे माझा हातखंडा. सरंजामशाही मोडण्याची कारणं पाच, प्रबोधनाचे परिणाम सहा. झोपेतून उठवून विचारलं तरी माझी मुलं क्रमाने सांगायची. शेजारच्या वर्गावरच्या बाई म्हणायच्या, तुमचा तास असला की भिंतीपलीकडे आमचीही उजळणी होते.

नवऱ्याला सिडनीत नोकरी मिळाली आणि आम्ही तिथल्या केलीव्हिल या उपनगरात आलो. इथे शिक्षक म्हणून नोंदणी करायची तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. वाचन, लेखन, ऐकणं सगळं निघालं, बोलण्यात अर्ध्या गुणाने राहिले. दोनदा राहिले. मग घराजवळच्या चाइल्डकेअरमध्ये लागले. दीड-दोन वर्षांच्या पोरांचे नॅपी बदलते, नाकं पुसते, दुपारी त्यांना थोपटून झोपवते. काम वाईट नाही, पोरं लळा लावतात. पण तिथे मला कोणी बाई म्हणत नाही.

मुलगी इयर एटला, म्हणजे आठवीला गेली आणि तिच्या शाळेत नेमका तोच भाग सुरू झाला. पहिल्या दिवशी मला इतका आनंद झाला की पेंडल हिलच्या भारतीय दुकानातून आणलेले गुलाबजाम मी कारण नसताना काढून वाढले. म्हटलं, आता रोज संध्याकाळी पोरगी माझ्याजवळ वही घेऊन बसणार.

तसं काही झालं नाही. तिला मिस होती.

मुलीच्या सांगण्यावरून मिस पंचविशीतली. केस कसेतरी वर बांधलेले, शनिवार-रविवार सर्फिंगला जाणारी. रोज जेवताना तिचं नाव निघायचंच.

"बाबा, यू नो, आज मिसने क्लासचं गाव केलं," मुलगी सांगायला लागली. "मी पेझंट होते. मला काहीच राइट्स नव्हते. मग प्लेग आला अँड, लाइक, हाफ द क्लास डाइड. सो लॉर्डकडे कामाला कोणी उरलंच नाही. मग आम्ही म्हटलं, नाही करत जा तुझं काम! आणि तो काहीच करू शकला नाही."

नवरा हसला. माझा घास मात्र तोंडातच राहिला. सरंजामशाही मोडण्याचं माझं कारण क्रमांक तीन. अकरा वर्षांत ते मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. एकदाही मला सुचलं नव्हतं की अर्धा वर्ग खाली बसवावा आणि उरलेल्यांना विचारावं, आता काय करणार?

"हेच मी शिकवायचे," मी म्हटलं. "काही अडलं तर मला विचार ना."

"नो, इट्स ओके, आई. तुझं ते एक्झामवालं असतं."

ती सहज बोलली. तिच्या मनात काही नव्हतं, हे मला कळत होतं. तरी रात्रभर ते वाक्य डोक्यातून जाईना.

मग प्रेझेंटेशन आलं. मध्ययुग संपत होतं हे दाखवणारी एक वस्तू निवडायची आणि तिच्याबद्दल पाच मिनिटं बोलायचं. मिसने फळ्यावर प्रश्न लिहिला होता, मुलीने त्याचा फोटो आणला होता. प्रश्न असा, की तेव्हाच्या लोकांना हे कळत होतं का? मी तो फोटो खूप वेळ बघत बसले. इतका साधा प्रश्न! आपल्याला का नाही पडला?

मुलीने गावातलं मोठं घड्याळ निवडलं. आधी लोक उजेड बघून कामाला लागायचे आणि घड्याळ आल्यावर टोले ऐकून, एवढंच तिचं म्हणणं. सहा स्लाइड्स. मला विचारलं नाही. बापाला विचारलं, ज्याने दहावीनंतर इतिहासाचं पुस्तक उघडलेलं नाही.

शनिवारी ती नेटबॉलला गेली आणि मी तिचा लॅपटॉप उघडला. आधी फक्त एक चूक दुरुस्त करणार होते. मग कागद चीनमधून कसा आला ते घातलं. अरबांनी जपलेली ग्रीक विद्या घातली. गोव्यातला पहिला छापखाना घातला. मिसने वर्गात वाटलेल्या वर्कशीटवर एका ठिकाणी लिहिलं होतं की छपाई युरोपात सुरू झाली. चीनमध्ये ती कितीतरी आधी होती, म्हणून त्यावर एक वेगळी स्लाइड केली, 'ही माहिती अपूर्ण आहे' अशा मथळ्याची. दोन तास कसे गेले कळलंच नाही. कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. सहाच्या एकोणीस स्लाइड्स झाल्या. मी मुलीसाठी करतेय असं स्वतःला सांगत होते. खरं तर मला त्या मिसला दाखवायचं होतं, की या पोरीच्या घरी कोण राहतं.

मुलीला सांगायचं ठरवलं होतं. रविवारी सांगू म्हटलं, सोमवारी सकाळी सांगू म्हटलं, आणि सांगितलं नाही.

सोमवारी दुपारी, इथल्या भाषेत आरवोला, ती घरी आली ती बॅग न काढताच माझ्यासमोर उभी राहिली.

"डिड यू टच माय स्लाइड्स?"

मी हो म्हटलं.

"मी सगळ्यांसमोर उभी होते, आई. मला वाचताच येईना ते काय आहे. आणि ती स्लाइड, मिस चुकली म्हणणारी. एव्हरीवन थॉट आय वॉज बीइंग रूड." तिने आता बॅग जमिनीवर टाकली. "यू डोंट इव्हन नो हर."

नवऱ्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "अगं, असं का केलंस?"

दोन दिवसांनी मिसचा ईमेल आला, वेळ असेल तर भेटायला या म्हणून. मी चाइल्डकेअरमधून लवकर निघाले, घरी जाऊन चांगला कुर्ता घातला, आणि गाडीत बसून इंग्रजी वाक्यं पाठ केली. ती काय बोलेल आणि मी काय ठणकावून सांगेन, सगळं तयार होतं.

ती माझ्यापेक्षा ठेंगणी निघाली. म्हणाली, "गोव्याचं मला माहीतच नव्हतं. छपाईचं वाक्य मी बदललंय. तुम्ही शिकवायचात का?"

"अकरा वर्षं," मी म्हटलं.

"दिसतंच ते," ती म्हणाली. "पण मला तिचं घड्याळ ऐकायचं होतं. तिला शुक्रवारी पुन्हा बोलायला देते. मार्क कापणार नाही."

पाठ केलेलं एकही वाक्य वापरायला मिळालं नाही. ती उद्धट असती, तिने माझ्या उच्चारांना नाक मुरडलं असतं, तर मला किती सोपं गेलं असतं! मी थँक यू म्हटलं आणि निघाले. भिंतीवर मुलांनी काढलेली गावाची चित्रं लावली होती, मेलेल्यांची नावं खोडलेली. मला तो वर्ग हवा होता. त्या खिडक्या, ती खुर्ची, तो खडूसुद्धा नसलेला पांढरा फळा, सगळं हवं होतं.

शुक्रवारी मुलीने सहा स्लाइड्सवर बोलून दाखवलं. छान झालं म्हणे. मला नवऱ्याकडून कळलं. मुलीने आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. मग एकदा भाजी चिरताना मी तिची माफी मागितली. मराठीत मागितली, कारण मला ती दुसऱ्या कुठल्या भाषेत नीट मागता आली नसती. ती "इट्स फाइन" म्हणाली आणि एक गाजर उचलून घेऊन गेली.

टर्म संपायच्या आधीच्या आठवड्यात मी तिला शाळेतून घ्यायला गेले. ती गाडीत बसली आणि पट्टा लावता लावताच रडायला लागली.

"मिस जातेय," ती म्हणाली. "तिचं काँट्रॅक्ट संपलं. शी इजन्ट इव्हन परमनंट. कुठेतरी लांब, कंट्रीमध्ये, खेड्यात जॉब मिळालाय. इट्स सो अनफेअर."

मला वाटायचं की ती तिथे कायमची आहे, सगळं मिळालेली आहे. इतके महिने मी तिचा द्वेष केला, तो एका हंगामी नोकरीवरच्या पोरीचा. आणि हे कळूनही पहिली गोष्ट जी माझ्या मनात आली, ती म्हणजे, बरं झालं. अगदी स्वच्छ, मोठ्याने बोलल्यासारखं आलं ते. मी मुलीकडे बघितलं. तिचं नाक लाल झालं होतं, लहानपणी व्हायचं तसंच.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. शेवटी म्हटलं, "चांगली होती ना गं ती."

"द बेस्ट," ती हुंदका देत म्हणाली.

"हो," मी म्हटलं. मागच्या गाडीने हॉर्न दिला, तेव्हा गिअर टाकला.